हार्नेसची नवी पोरगी

अकरावीत असताना मी चाकणच्या एका कंपनीत कामाला लागले होते. सकाळपुरती. पगार झाला नाही, पण नाश्ता मिळाला. आमच्या आईने ही गोष्ट दापोडीत इतक्या जणांना सांगितली आहे, की आता मीच एकदा ती नीट सांगून टाकलेली बरी. आईच्या सांगण्यात मी दरवेळी आधीपेक्षा थोडी जास्त बावळट होत जाते.

मी काही जन्मतःच मुखदुर्बळ नव्हते. लहानपणी विहारातल्या कार्यक्रमात माईक हातातून काढून घ्यावा लागायचा, अशी माझी ख्याती होती. बिघडलं ते नववीत. त्या वर्षी मी एकदम ताडासारखी वाढले आणि माझा आवाज जाड झाला. मुलांचा होतो म्हणतात, माझाही झाला. एकदा बाबांच्या वर्कशॉपमधून फोन आला, मी "हॅलो" म्हणाले, आणि पलीकडून उत्तर आलं, "हां भाऊ, जरा दादांना द्या ना." मी फोन बाबांच्या हातात दिला आणि त्या दिवसापासून आपलं तोंड होता होईल तेवढं बंद ठेवायचं ठरवलं. अगदीच बोलायची वेळ आली तर आवाज बारीक करून बोलायचं. बारीक आवाजाचा तोटा असा, की तो कुणालाच ऐकू जात नाही.

कोपऱ्यावरच्या दुकानात मी हळद मागितली, तर दुकानदार चाचांनी मैदा बांधून दिला. चुकलं म्हणून सांगायला पुन्हा तोंड उघडावं लागलं असतं. मी मैदा घेऊन घरी आले. आईने पुडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "तोंडात काय मूग धरलेत का गं?" असं म्हणून ती स्वतः हळद आणायला गेली. मैद्याचे पुढे शंकरपाळे झाले आणि ते मीच सगळ्यात जास्त खाल्ले, हेही ती आठवणीने सांगते.

दहावी झाली आणि मला चिंचवडच्या एका कॉलेजात सायन्सला प्रवेश मिळाला. दापोडीहून जायला शेअर रिक्षा होत्या. जाताना अडचण नव्हती, कारण चिंचवडला निम्मी रिक्षा रिकामी व्हायची. पंचाईत व्हायची येताना. आमच्या गल्लीपाशी दुसरं कुणी उतरणारं असलं तर ठीक, नाहीतर "इथं थांबवा" असं मोठ्याने म्हणावं लागे, आणि रिक्षातली सगळी माणसं वळून बघत. मी मनातल्या मनात म्हणायचे. रिक्षा अर्थातच पुढे जायची. मग नदीपलीकडे बोपोडीला, कधी पार खडकीला कुणीतरी उतरलं, की त्याच्यामागून मीही आपलं तिथलंच काम असल्यासारखी उतरायचे आणि पूल ओलांडून चालत परत यायचे. आईला वाटायचं, कॉलेज फार उशिरा सुटतं.

एका संध्याकाळी बाबांनी मोटरसायकलवरून जाताना मला पुलावर पाहिलं. भोसरीतल्या वर्कशॉपमध्ये ते टर्नर होते, आणि दिवसभर मशीनच्या आवाजात राहून त्यांना ओरडूनच बोलायची सवय लागली होती. "इकडं कुठं गं?" त्यांनी अख्ख्या पुलाला ऐकू जाईल असं विचारलं. मी म्हणाले, "पाय मोकळे करायला." त्यांनी माझ्या पाठीवरचं दप्तर पाहिलं, पुस्तकांसकट पाय मोकळे करणारी मुलगी त्यांना पटली नसावी. घरी जाऊन त्यांनी उलटतपासणी घेतली आणि खरं बाहेर आलं. मला वाटलं ते चिडतील. ते भिंतीला टेकून हसायला लागले. हसून झाल्यावर मात्र त्यांनी कॉलेजच्या बसचे पैसे भरून टाकले. "ही बस थेट दारात सोडंल. काही बोलायचं काम नाही," ते म्हणाले.

बस सोमवारपासून सुरू होणार होती. त्याच सोमवारी आमच्या इंग्रजीच्या मॅडम एकेकाला वर्गासमोर उभं करून स्वतःची ओळख करून द्यायला लावणार होत्या. रविवारचा अख्खा दिवस मी आरशासमोर उभी होते. "माय नेम इज" पर्यंत ठीक जायचं, पुढे आवाज घसरायचा आणि आरशातून कुणीतरी काका बोलल्यासारखं वाटायचं.

सोमवारी मी मुंबई-पुणे रस्त्यावर वेळेच्या कितीतरी आधी जाऊन उभी राहिले. उशिरा बसमध्ये चढलं की सगळे बघतात. आधी चढून बसलं की कुणाचं लक्ष नसतं, असा माझा हिशेब. मेट्रोचे खांब तेव्हा नुकते उभे राहत होते आणि पत्र्यांच्या आडोशामुळे थांबा कुठे आहे तेही नीट कळत नव्हतं. पांढरी बस येऊन थांबली. कॉलेजची बस पांढरी, एवढं बाबांनी सांगितलं होतं. पुढच्या काचेवर पाटी होती, पण ती आतल्या बाजूला कलंडली होती. "कॉलेजची का?" असं ड्रायव्हरला विचारलं की काम झालं असतं. दोन शब्द. मी ते न विचारता चढले.

आत सगळ्या बायकाच होत्या. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. म्हटलं, मुलींची बस वेगळी असेल. बऱ्याचजणी डोक्यावरून ओढणी घेऊन झोपल्या होत्या. एक-दोघी चांगल्या चाळिशीच्या पुढच्या वाटल्या, तर मी मनात म्हटलं, मॅडम असतील. माणसाला विचारायचं नसलं, की तो स्वतःची समजूत किती छान घालू शकतो!

नाशिक फाट्याला बस सरळ जायची सोडून भोसरीकडे वळली.

तेव्हा मात्र मला कळलं. आता उठावं, ड्रायव्हरकडे जावं, "चुकून बसले" म्हणून सांगावं. पण बसमध्ये एवढ्या बायका. सगळ्या बघणार, हसणार. मी ठरवलं, भोसरीला बस थांबेल तेव्हा गुपचूप उतरू. भोसरीला बस थांबली खरी, पण दारातून एवढ्या बायका आत आल्या की मला उठताच आलं नाही, आणि त्यातली एक धिप्पाड बाई माझ्या शेजारी येऊन बसली. कपाळावर मोठं कुंकू, अंगात निळा शर्ट, मांडीवर डब्याची पिशवी. तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"नवी का गं?"

कॉलेजात मी नवीच होते. मी म्हणाले, "हो."

"कुठं टाकलंय तुला?"

"सायन्स," मी पुटपुटले.

"हार्नेस?" ती खूश झाली. "आगं, मग माझ्याच लाइनला येशील की! बरं झालं. तिकडं दोन पोरी कमी हायत."

गाडीच्या आत वायरींचा जो मोठा जुडगा असतो, त्याला हार्नेस म्हणतात, हे मला तेव्हा कुठे माहीत होतं? मी मान हलवली. मान हलवणं हा माझा हातखंडा होता.

"ड्रेस न्हाई मिळाला अजून?"

मी मान हलवली.

"आन हे काय, चपला? चपलावर आत घेत न्हाईत बाई. असूदे, पयल्या दिवशी काय बोलणार न्हाईत. पयले आठ दिस बोटं लई दुखतील, वायरी वढून वढून. घरी गेलं की कोमट पाण्यात मीठ टाकायचं आन बोटं बुडवून बसायचं. आन ते सुपरवायझर वरडलं तर मनाला लावून घ्यायचं न्हाई. त्याची बायकू त्याच्यावर वरडती."

पुढच्या बाकावरच्या दोघी झोपेतून जाग्या होऊन हसल्या. मीही हसले. आता काय सांगणार? मोशी आली की सांगू, असं मी ठरवलं. मोशी आली आणि बाईंनी पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून माझ्या हातात ठेवला. लाडू खाता खाता "मी तुमच्या कंपनीतली नाही" असं कसं म्हणणार? म्हटलं, लाडू संपू दे. लाडू संपेपर्यंत इंद्रायणी मागे पडली होती.

तेवढ्यात बाई मागे वळून म्हणाल्या, "ए पोरी, तू पन नवीच ना? ये हितं पुढं. दोगी नव्या, बसा एका जागी." आणि स्वतः उठून दुसरीकडे बसल्या. माझ्या शेजारी एक बारीकशी मुलगी आली. अठरा-एकोणीसची असेल. नवाकोरा पंजाबी ड्रेस, वेणीला तेल, आणि मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी अशी धरलेली की जणू आम्ही सगळ्या ती हिसकावूनच घेणार आहोत. समोर बघतच, ओठ न हलवता ती म्हणाली, "तुला भ्या वाटायलंय का?"

"हो," मी म्हणाले. त्या सकाळचं माझं ते पहिलं खरं उत्तर.

"मला तर लई वाटायलंय. मी लातूरकडची. मावसबहिणीच्या खोलीवर राहते. तिची शिफ्ट वेगळी हाय, म्हणून एकटीला पाठवलंय." मग तिने माझा हात धरला. "तू सोडून जाऊ नको बरं का मला."

झालं! आता तर उतरायची सोयच राहिली नाही.

चाकणला बस एका मोठ्या फाटकासमोर थांबली. फाटकापाशी सुरक्षारक्षक एकेकीचं कार्ड बघून आत सोडत होता. मला वाटलं, सुटले. इथे आपोआप अडवतील, काही बोलावं लागणार नाही, परत पाठवतील. रक्षकाने माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. मी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. तर ही लातूरची, जिला माझ्याहून जास्त भीती वाटत होती, ती माझा हात घट्ट धरून म्हणाली, "ती माझ्यासंगं हाय. आमी दोघी नव्या हाव." मागून हार्नेसच्या बाईंचा खडा आवाज आला, "सोड रे, माझ्या लाइनच्या पोरी हायत त्या!" नव्यांची कार्डं अजून व्हायची होती. रक्षकाने हात हलवला आणि आम्ही आत.

आधी आम्हाला कँटीनमध्ये नेऊन पोहे आणि चहा दिला. पोहे फार चांगले होते. इतक्या अडचणीत असताना मी ते दुसऱ्यांदा घेतले, आणि वाढणाऱ्याला फक्त ताट पुढे केलं, बोलले नाही. मग सगळ्या नव्या मुलींना एका खोलीत खुर्च्यांवर बसवलं. वीसेक जणी असू. भिंतीवर डोक्यावर टोपी घातलेल्या, हसणाऱ्या बायकांचं चित्र होतं. इस्त्रीच्या शर्टातले एक तरुण साहेब आले, हात चोळत म्हणाले, "स्वागत आहे सगळ्यांचं. आता आपण असं करू. एकेकीने उभं राहायचं आणि आपली ओळख करून द्यायची. नाव, गाव आणि आवड. मोठ्याने हां, शेवटपर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

कॉलेजमधल्या ओळखीच्या तासाला घाबरून मी रविवार घालवला होता, आणि चुकीच्या बसमध्ये बसून, तीन गावं ओलांडून, नेमकी दुसऱ्या एका ओळखीच्या तासाला येऊन बसले होते. वर इथे मराठीतून होतं, म्हणजे इंग्रजी येत नाही हेही कारण उरलं नव्हतं.

एकेक उठत गेली. कुणी परभणीची, कुणी जुन्नरची, कुणी इथल्याच म्हाळुंग्याची. आवड सगळ्यांची सारखी : स्वयंपाक करणे, गाणी ऐकणे. जवळजवळ सगळ्यांचे आवाज थरथरत होते. एकीने तर गावाच्या जागी स्वतःचं नाव आणि नावाच्या जागी गाव सांगितलं, आणि साहेबांनी ते तसंच लिहून घेतलं. हे सगळं मी पाहत होते, पण त्याचा मला काही उपयोग होत नव्हता. माझी पाळी जवळ येत होती. लातूरची माझ्यानंतर होती. तिने माझा हात अजून सोडला नव्हता.

"हं, तुम्ही," साहेब म्हणाले.

मी उभी राहिले. उंचीमुळे उभी राहिले की मी खूपच उभी राहते. नाव सांगितलं. गाव दापोडी सांगितलं. आवड सांगायला तोंड उघडलं आणि माझ्याच त्या जाड, मोठ्या, न बारीक केलेल्या आवाजात म्हणाले,

"आणि मी चुकून आलेय. मला कॉलेजला जायचं होतं."



"म्हणजे?" साहेब म्हणाले.

"म्हणजे बस चुकली. ही कॉलेजची वाटली."

"मग बसमध्ये सांगायचं ना!"

"लाज वाटली."

"अहो, मग गेटवर सांगायचं!"

"तिथंही वाटली."

"आणि नाश्ता?"

मागून कुणीतरी म्हणालं, "तिनं दोनदा खाल्ला, सर." आणि मग जे हसणं सुटलं, ते मला आजही ऐकू येतं. परभणीची हसत होती, जुन्नरची हसत होती, नाव-गावाची अदलाबदल करणारी तर डोळे पुसत होती. दोन वर्षं मी ज्या हसण्याला भीत होते, ज्याच्यापायी बोपोडीहून चालत येत होते, ते हेच. ते आलं, माझ्या अंगावरून गेलं आणि मी तिथेच उभी होते. कान मात्र भयंकर तापले होते. नंतर मलाही हसू आलं.

एकट्या साहेबांनाच हसू येत नव्हतं. "वय काय तुमचं?" त्यांनी विचारलं. मी सोळा म्हणाले आणि त्यांचा चेहरा पोह्यातल्या खोबऱ्यासारखा पांढरा झाला. सोळा वर्षांची मुलगी कंपनीच्या आत! त्यांनी मला घाईघाईने बाहेर ऑफिसात नेलं, खुर्ची दिली, पाणी दिलं, पुन्हा चहा दिला, आणि चारचारदा विचारलं, "तुम्ही कुठल्या मशीनला हात तर नाही ना लावला?"

खोलीतून निघण्याआधी लातूरच्या मुलीने माझा हात ओढला आणि पेनने तळव्यावर तिचा नंबर लिहिला. बारावी झाल्याशिवाय मोबाइल नाही, असा आमच्या घरचा कायदा होता, म्हणून मला नंबर देता आला नाही. "तू जायलीस व्हय," एवढंच ती म्हणाली.

बाबांचा नंबर मला पाठ होता. ते भोसरीहून वर्कशॉपच्या कपड्यांवरच आले. मी ऑफिसच्या काचेतून पाहत होते. फाटकापाशी त्यांनी रक्षकाला काय झालं ते विचारलं, रक्षकाने सांगितलं, आणि बाबा गुडघ्यांवर हात ठेवून हसले. मग रक्षकही हसला. मी बाहेर जाईपर्यंत दोघांचं एकमेकांचं गाव विचारून झालं होतं आणि बाबा त्याला, "या राव एकदा घरी," म्हणत होते.

मोटरसायकलवर त्यांची पाठ हसण्याने मधूनमधून हलत होती. मोशीच्या अलीकडे त्यांनी चहाला गाडी थांबवली.

"उभं राहून सांगितलंस म्हणे. सगळ्यांसमोर."

"हं."

"मोठ्यानं?"

"हं."

त्यांनी बशीत चहा ओतला. "माझ्यावर गेलाय तुझा आवाज," ते म्हणाले. "मशीनच्या वर जातो." आणि चहावाल्याला त्यांनी इतक्या मोठ्याने आणखी एक चहा सांगितला, की रस्त्यापलीकडचा ट्रकवाला वळून बघायला लागला. मला नेहमीसारखी लाज वाटली. पण नेहमीपेक्षा जरा कमी वाटली असावी, कारण मी त्यांच्यापासून सरकून उभी राहिले नाही.

याचा अर्थ दुसऱ्या दिवसापासून मी धडाधड बोलायला लागले असा नाही. इंग्रजीच्या मॅडमनी मंगळवारी मला एकटीला उभं केलं, आणि मी "माय नेम इज" च्या पुढे अडकलेच. काल का आली नाहीस, असं त्यांनी मराठीत विचारलं. मी मराठीत सांगितलं. वर्ग हसला, मॅडम टेबलावर डोकं टेकून हसल्या, आणि पुढचं वर्षभर मला कॉलेजात "चाकण" म्हणत होते. नाव वाईट नव्हतं. ज्यांच्याशी मी कधी बोलले नसते, ते स्वतःहून येऊन विचारायचे, "तूच का ती? खरंच दोनदा पोहे खाल्लेस?" अशाच एकीशी पुढे माझी मैत्री झाली. गल्लीत तर आईने आधीच दवंडी पिटली होती. दुकानदार चाचा मी दिसले की मैद्याच्या डब्याकडे हात नेऊन विचारायचे, "बेटा, आज क्या, हल्दी?"

तळहातावरचा नंबर मी त्याच दिवशी वहीत उतरवून घेतला, आणि आईच्या फोनवरून त्या मुलीला अधूनमधून फोन करत राहिले. ती त्या कंपनीत टिकली. नुसती टिकली नाही, आता ती एक अख्खी लाइन सांभाळते आणि सुपरवायझरवर ओरडते म्हणे. मी हिंजवडीला एका ऑफिसात काम करते, आणि ऑनलाइन मीटिंगमध्ये माझं बोलणं आलं की आजही माझे कान तापतात.

गेल्या महिन्यात आम्ही पिंपळे सौदागरला एका हॉटेलात भेटलो. तिच्या कडेवर तिची मुलगी होती. वेटरला हाक मारायची वेळ आली, तेव्हा आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि कुणीच हाक मारली नाही. तो आपणहून येईल म्हणून बसून राहिलो.

"एक सांगू का?" ती म्हणाली. "तुझ्यानंतर माझा नंबर होता ना त्या दिवशी. पण सगळ्या अशा हसायल्या होत्या की मी काय बोलले ते कुणी ऐकलंच न्हाई. लई बरं झालं बघ."

"काय बोललीस तू?"

"कुणाला आठवतंय! मी तर आवड म्हणून लातूर सांगितलं वाटतं."

तेवढ्यात तिच्या मुलीने टेबलावरचा चमचा उचलून ताटलीवर दणादण आपटायला सुरुवात केली. सगळं हॉटेल आमच्याकडे बघायला लागलं. वेटर धावत आला. आम्ही डोसे मागवले.